काळी चांदी

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाचे एक दालन आहे. हुक्क्यांची बुडे, पानदाने, सुरया. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओतायचे, त्यावर खाचा कोरायच्या, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा हात द्यायचा. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी पांढरीच राहते. तिथून खिलवतकडे वळले की चौमहल्ला राजवाडा लागतो. त्याच्या दालनांत निजामाच्या घराण्याची जुनी छायाचित्रे मांडली आहेत. चांदीचा खेळ इथेही आहे, पण बिदरीच्या बरोबर उलटा. इथे उजेड कागदाचा आणि काळोख चांदीचा. शेरवानीची घडी, मिशीचा आकडा, खुर्चीखालची सावली, सगळे चांदीच्या सूक्ष्म कणांनी भरलेले.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘कण’ हा विषय दिला, तेव्हा मनात आले ते हे काळे कण. फोटोवर दाणा दिसला की आपण नाक मुरडतो. फोटो ‘फुटला’ म्हणतो. पण त्या दाण्याखाली आणखी स्वच्छ असे काही दडलेले असते का? की दाणा हाच फोटो? या प्रश्नाचा माग काढायला हैदराबादइतके सोयीचे शहर नाही. काचेच्या भल्यामोठ्या निगेटिव्हवर काम करणारा दरबारी छायाचित्रकार इथे होऊन गेला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या फिल्म-पडद्यांपैकी एक याच शतकात इथे उभा राहिला.

निजामाचा मुसव्विर

लाला दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मले. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तिथेच कॅमेऱ्याच्या नादी लागले. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता, १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ उघडला गेला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली गेली. १९०५ साली दीनदयाळ वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २,८५७ आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

आपल्यासाठी महत्त्वाचे हे की त्यांच्या कारकिर्दीतच फोटोचे रसायन बदलले. आधीची पद्धत ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ मध्ये मांडली होती. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याची अंधारी खोली तंबूच्या रूपाने बरोबर. दख्खनच्या उन्हात काच सुकायला कितीसा वेळ लागणार? १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिले. त्यातून निघालेल्या कोरड्या प्लेटा दहा वर्षांच्या आत कारखान्यात तयार होऊ लागल्या. खोक्यात भरून न्या, फोटो काढा, मुक्कामाला परतल्यावर सवडीने धुवा.

निजामाच्या मुलखात तेव्हा आपला मराठवाडाही होता. दीनदयाळांनी त्या मुलखाची जी दृश्ये टिपली त्यांत दौलताबाद आहे, औरंगाबादचा बीबी का मकबरा आहे, वेरूळ आहे. या जुन्या चित्रांत आभाळ बहुधा कोरे, ढगांशिवायचे दिसते. त्याचे कारण हवामानात शोधू नये. त्या काळच्या साध्या प्लेटला निळा आणि जांभळाच उजेड ‘दिसे’, लाल जवळजवळ नाहीच. निळे आभाळ प्लेटला भगभगीत वाटे आणि छापावर पांढरे पडे, तर लाल पगडी काळी निघे. चांदीच्या क्षाराची नजर मुळातच एवढी. पिवळा, हिरवा, लाल दिसावा म्हणून त्यात रंगद्रव्ये मिसळायची युक्ती हर्मान फोगेलला १८७३ मध्ये सापडली होती, पण ती सर्वत्र रुळायला बराच काळ गेला.

एका स्फटिकाचा निर्णय

प्लेट असो की फिल्म, तिच्यावरच्या लेपात जिलेटिन असते आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक, सोबत थोडे आयोडाइड. एक स्फटिक साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, कमीजास्त. एवढ्याशा जागेत चांदीचे अब्जावधी आयन रांगारांगांनी बसलेले असतात.

शटर उघडते. प्रकाशाचा एक कण स्फटिकात शिरतो आणि एक इलेक्ट्रॉन सुटा करतो. तो भटकत भटकत स्फटिकातल्या एखाद्या व्यंगाशी, बहुतेक वेळा पृष्ठभागावर, अडकतो. त्याच्या ओढीने चांदीचा एक फिरता आयन तिथे येतो आणि दोघे मिळून चांदीचा एक अणू होतो. पण एकटा अणू टिकत नाही. थोड्याच वेळात दुसरा इलेक्ट्रॉन आला नाही तर तो विरघळून पुन्हा आयन होतो. दोन झाले तर थोडा धीर येतो. एकाच जागी चारपाच अणू जमले की तो स्फटिक पक्का झाला. ब्रिस्टलमधल्या रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी हे स्पष्टीकरण १९३८ मध्ये दिले. तोवर फोटोग्राफीला शंभर वर्षे होत आली होती, म्हणजे दीनदयाळांसकट सगळ्या जुन्या उस्तादांनी आपले काम आत नेमके काय घडते हे ठाऊक नसताना केले. अंधाऱ्या लेण्यात पाच मिनिटे शटर उघडे ठेवूनही पाच मिनिटांचा उजेड प्लेटवर का उमटत नाही, हेही यातूनच कळते. उजेड इतका विरळ असतो की दुसरा इलेक्ट्रॉन येईपर्यंत पहिला अणू मोडून गेलेला असतो.

या क्षणी फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. चित्र आहे, पण अब्जावधी अणूंमागे चारपाच, एवढेच. डेव्हलपर येतो तो इथे. मेटॉल, हायड्रोक्विनोन यांसारखी रसायने चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतात. ज्या स्फटिकावर ती चारपाच अणूंची खूण आहे तिथून काम सुरू होते आणि अख्खा स्फटिक चांदी होतो. खूण नाही तो स्फटिक ठरलेल्या वेळेत तसाच राहतो. अर्धा स्फटिक काळा, असे सहसा घडत नाही. चार अणूंच्या खुणेतून अब्जावधी अणूंची चांदी, इतकी वाढ एका ताटलीत काही मिनिटांत होते. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, न उमटलेले सगळे स्फटिक विरघळवून नेतो. त्याचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता.

झालेली चांदी चकाकत का नाही? कारण ती गुळगुळीत पत्र्यासारखी नसते. स्फटिकातून ती बारीक तंतूंच्या गुंत्याच्या रूपात बाहेर पडते आणि त्या गुंत्यात शिरलेला उजेड आतच जिरतो. म्हणून निगेटिव्हवर ती काळी. दीनदयाळांच्या काळात छापे बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, थेट उन्हात काढत. तिथे डेव्हलपर नसे, चांदीचे कण फारच बारीक राहत, म्हणून ते छापे तपकिरी दिसतात. धातू तोच, कणाचा आकार बदलला की रंगही बदलतो.

यात जिलेटिनचाही वाटा आहे आणि तो बराच काळ कोड्यात टाकणारा होता. एका कारखान्याचे जिलेटिन वापरले की प्लेट चपळ, दुसऱ्याचे वापरले की मंद. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचे. कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने १९२५ मध्ये दाखवून दिले की फरक गंधकाच्या अत्यल्प संयुगांचा आहे, आणि ती संयुगे मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यात असतात. गुरांनी काय खाल्ले त्यावर फिल्मची नजर ठरत होती. गंधकामुळे स्फटिकावर ती इलेक्ट्रॉन अडकवणारी ठिकाणे तयार होतात. पुढे कारखाने तो मोजून घालू लागले.

सुलतान बाजारची अंधारी खोली

हैदराबादचा मराठी माणूस शोधायचा तर कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा. विवेक वर्धिनी शाळा याच भागात आणि तिथल्या संमेलनांचे, निरोप समारंभांचे फोटो काढणारे स्टुडिओही. त्यांतल्या एका काकांचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला, पण घरच्या न्हाणीघराला लागून त्यांची अंधारी खोली अजून आहे. एन्लार्जर आहे, तीन ताटल्या आहेत, लाल दिवा आहे.

“मे महिन्यात दिवसा काम करायचंच नाही,” काका सांगू लागले. “गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हातावर घेतलं तर भाजायचं. डेव्हलपर वीस डिग्रीचा हवा. आम्ही पहाटे तीनला उठायचो. रांजणातलं पाणी, ताटलीखाली परात आणि परातीत बर्फ.”

“आणि गरम पाण्यात धुतलं तर?”

“जिलेटिनच ते. फुगतं, मऊ पडतं, कडेनं सुटतं. एका ताटलीत गार, दुसरीत गरम असं झालं की सुरकुत्या पडतात. मग तो दाणा फिल्मचा नाही, सुरकुतीचा. गिऱ्हाइकाला काय सांगणार? म्हणून हायपोत तुरटी घालायची, कातडं कमावतात तसं जिलेटिन घट्ट करायला.”

त्यांनी एका शाळेच्या ग्रुप फोटोची ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये सरकवली. फळीवर चित्र पडले, अंधुकसे. मग कपाटातून एक छोटे यंत्र काढले, आरसा आणि भिंग बसवलेले. याला ग्रेन फोकसर म्हणतात. ते फळीवर ठेवून त्यांनी मला वाकायला सांगितले. भिंगात ना मुले दिसत होती ना शाळा. नुसती रवाळ खळबळ. काकांनी एन्लार्जरचा खटका हळूहळू फिरवला, खळबळ धूसर झाली, पुन्हा गोळा झाली आणि एका जागी रवा लख्ख झाला.

“थांबा, हेच. आता बघू नका चेहरा शार्प आहे का. चेहऱ्यावर फोकस करणारा फसतो, कारण चेहरा काढतानाच हलला असेल. दाणा हलत नाही. दाणा लख्ख झाला की निगेटिव्हमध्ये जेवढं आहे तेवढं सगळं कागदावर उतरलं. त्याच्यापुढं काही नाही.”

मग कागद, काही सेकंद उजेड, आणि डेव्हलपरमध्ये लाल दिव्याखाली मुलांच्या रांगा उमटत गेल्या. एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागते. छापावर जे काळे ठिपके आपल्याला ‘दाणे’ वाटतात ते निगेटिव्हमधले दाणे नसतात, दाण्यांमधल्या फटी असतात. उजेड फटीतून येतो आणि कागद काळा करतो. शिवाय एकेक स्फटिक इतका बारीक की एवढ्या वाढीवर तो सुटा दिसत नाही. लेपाच्या जाडीत एकावर एक, योगायोगाने साचलेल्या कणांचे पुंजके दिसतात.

वापरलेला हायपो काका कधी मोरीत ओतत नसत. चांदी काढणारे लोक येऊन कॅन भरून विकत नेत. न उमटलेले सगळे स्फटिक त्यात विरघळलेले असायचे, म्हणजे फोटोतला सगळा उजळ भाग त्या कॅनमध्ये. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आणि फिल्म त्यांनी वर्षानुवर्षे वापरली. तो कारखाना बंद पडला, हायपो नेणारेही येईनासे झाले.

शंभरात दहा, दहा हजारांत शंभर

प्रत्येक स्फटिकाचे उत्तर हो किंवा नाही, एवढेच असेल तर फोटोत करडा रंग येतो कुठून? मोजणीतून. गालाच्या उजळ बाजूला निगेटिव्हवर जास्त स्फटिक चांदी होतात, सावलीच्या बाजूला कमी. एकाही कणाला करडेपण ठाऊक नसते, ते फक्त समूहात असते.

आणि मोजणीत योगायोग असतोच. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे वाटेल तिथे पडतात, स्फटिकही लेपात वाटेल तसे विखुरलेले. एखाद्या छोट्या चौकटीत सरासरी शंभर काळे कण अपेक्षित असतील तर प्रत्यक्षात कधी नव्वद, कधी एकशेदहा निघतात. फरक साधारण वर्गमुळाएवढा, म्हणजे शंभरात दहा. दहा टक्क्यांचा फरक डोळ्याला खुपतो, सपाट गाल खडबडीत दिसतो. तोच गाल मोठ्या प्लेटवर पसरला आणि तेवढ्याच चौकटीच्या वाट्याला दहा हजार कण आले तर फरक शंभराचा, म्हणजे एकच टक्का. गाल गुळगुळीत.

दीनदयाळांच्या चित्रांत दाणा का दिसत नाही ते इथे उलगडते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. आठ बाय दहा इंचांची काचेची प्लेट क्षेत्रफळाने तिच्या साठपट. आणि ती मोठी करायचीच नसे. प्लेट कागदावर दाबून उन्हात ठेवायची, जेवढी प्लेट तेवढे चित्र. काकांच्या निगेटिव्हला आठ बाय दहाचा छाप व्हायला आठपटीहून अधिक ताणावे लागते.

मग छोट्या फिल्मवर बारीक स्फटिक का घालत नाहीत? घालतात, पण त्याची किंमत असते. स्फटिक मोठा असो की छोटा, पक्का व्हायला तेच चारपाच अणू लागतात. मोठ्या स्फटिकाच्या अंगावर जास्त उजेड पडतो, म्हणून तो लवकर पक्का होतो. वेगवान फिल्मचा दाणा भरड आणि मंद फिल्मचा बारीक, हा व्यवहार कुणाला चुकलेला नाही. कोडॅकने १९८०च्या दशकात चपटे, पसरट स्फटिक बनवले, म्हणजे तेवढ्याच चांदीत उजेड झेलणारे अंग मोठे. व्यवहार थोडा सुधारला, संपला नाही. रंगीत फिल्ममध्ये तर शेवटी चांदी उरतच नाही. प्रत्येक कणाभोवती रंगाचा बारीक ढग तयार होतो आणि चांदी धुऊन काढली जाते. ढग मात्र कणाच्याच जागी राहतो, म्हणून रंगीत चित्रालाही दाणा असतोच.

नेकलेस रोडचा पडदा

हुसेनसागराच्या काठी प्रसाद्स आयमॅक्स २००३ मध्ये सुरू झाले. पडदा ७२ फूट उंच, ९५ फूट रुंद. निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्या घराण्याचा हा व्याप. ‘आलम आरा’त भूमिका केलेला हा माणूस पुढे स्टुडिओ आणि लॅबचा धनी झाला.

एवढ्या पडद्यावर नेहमीची ३५ मिलिमीटरची चौकट टाकली तर काय होईल, याचा हिशेब करून पाहू. चौकटीची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर, पडद्याची २९ मीटर. वाढ तेराशेपट. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण पडद्यावर सव्वा मिलिमीटरचा होतो आणि पुंजके त्याहून बरेच मोठे. आयमॅक्सने तोच उपाय केला जो काचेच्या प्लेटने केला होता: कण बारीक करत बसण्यापेक्षा संख्या वाढवा. ७० मिलिमीटरची फिल्म आडवी धावते, एक चौकट पंधरा छिद्रांची, सुमारे ७० बाय ४८ मिलिमीटर. क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या जवळजवळ दहापट, वाढ तेराशेऐवजी चारशेपट. ती फिल्म यंत्रातून सेकंदाला सुमारे १.७ मीटर जाते आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाची प्रत एकट्या माणसाला हातांनी पेलत नाही.

चालत्या चित्राला आणखी एक फायदा मिळतो. सेकंदाला चोवीस चौकटी आणि प्रत्येक चौकटीत कणांची मांडणी नवी. डोळा त्यांची सरासरी काढत जातो. म्हणून चित्रपट पाहताना न जाणवणारा दाणा तीच चौकट थांबवली की एकदम उठून येतो.

त्या इमारतीत मोठा पडदा आजही आहे, पण आयमॅक्स फिल्मचे यंत्र २०१४च्या सुमारास गेले. आता तिथे उजेड सेन्सरच्या आकड्यांतून येतो.

पुसलेला दाणा

फिल्म गेल्यावर दाण्याचे दोन परस्परविरोधी उद्योग सुरू झाले. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले चित्र फारच नितळ वाटते, म्हणून संकलनाच्या टेबलावर खऱ्या फिल्मचा स्कॅन केलेला दाणा वरून चढवतात. उलट जुन्या चित्रपटाची किंवा फोटोची डिजिटल प्रत करताना दाणा मळ समजून पुसतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की चित्र खाली असते आणि दाणा त्याच्यावर.

वरून चढवलेल्या दाण्याबद्दल ती खरी आहे. फिल्मबद्दल साफ खोटी. चांदीचे कण काढले तर काचेवर उरते ते स्वच्छ जिलेटिन. सॉफ्टवेअर दाणा पुसते म्हणजे शेजारच्या कणांची सरासरी काढते, आणि त्या सरासरीत भुवईचा केस, पैठणीचा काठ, दगडावरचा टाकीचा घावही जातो, कारण तेही कणांच्या चढउतारानेच लिहिलेले असतात. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढत. तो माणूस निदान कुठली सुरकुती ठेवायची हे ठरवत असे. यंत्र सगळ्यांच्या सगळ्या पुसते, चेहरा मेणाचा होतो.

हैदराबाद, नांदेड, औरंगाबाद, लातूर इथल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी निगेटिव्हांची पाकिटे असतात. एका राज्याचे नागरिक म्हणून काढलेले आणि १९५६ नंतर दोन-तीन राज्यांत वाटले गेलेले हे संसार. सध्या घरोघर ती स्कॅन करून घ्यायची टूम आहे, ती चांगलीच आहे. दुकानात देताना तीन गोष्टी सांगाव्यात. छाप आणि निगेटिव्ह दोन्ही असतील तर निगेटिव्ह स्कॅन करा. दाणा स्पष्ट दिसेल इतक्या बारकाईने करा, काकांच्या फोकसरचा नियम इथेही लागू. आणि ‘नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. पुसायचेच असेल तर प्रत काढून त्यावर पुसता येते.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकून देऊ नये. प्लास्टिकच्या पाकिटातून काढून आम्लविरहित कागदात, घरातल्या सर्वांत गार आणि कोरड्या कपाटात ठेवावी. दख्खनच्या उन्हाळ्यात ॲसिटेट फिल्म आतून कुजू लागली की शिरक्याचा आंबट वास येतो. असा वास एखाद्या पाकिटाला आला तर ते आधी इतरांपासून वेगळे करावे, कारण त्या वाफेने शेजारच्या निगेटिव्हही बिघडतात. आणि दुकानात सर्वांत आधी तेच पाकीट न्यावे.